देदा

चियातुरात बाळ पहिल्यांदा ओठ मिटून उघडतं,
म्हणतं, मामा,
आणि खाणीतून आलेला, नखांत मँगनीजची काळी रेघ असलेला
बाप वळून बघतो.

हो, बाप.
आपल्याकडे मामा आईचा भाऊ,
अर्ध्या जगात आईच.
जॉर्जियात मात्र ओठांची ही सोपी, फुकटची कमाई
बाप खिशात घालून गेला.
आईच्या वाट्याला जीभ उरली,
दातांमागे टेकवून सोडायची, दोनदा:
देदा.

पिक्रिया एकोणीस वर्षं कोशाच्या कामावर.
तिच्या खणात पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या.
जुन्या घरांत छपराचा सगळा भार पेलणारा मधला खांब
हा देदा-खांब.
राजधानी, देदा-शहर.
पायाखालची माती तर आहेच.
आणि आंबवणाचं जुनं पीठ, बरणीत झाकलेलं,
संपलंच तर शेजारणीकडे मागायला जायचं
आपल्या विरजणासारखं,
ती पावाची देदा.
निबंधातला मुख्य विचार म्हणजे देदा-विचार;
ही चिठ्ठी लिहिताना ती जरा हसली होती,
पिक्रिया म्हणजेच विचार, म्हणून.

व्युत्पत्तीचा रकाना मोकळा.
वरिष्ठांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं, बाळबोली,
पुढे प्रश्नचिन्ह.
म्हणजे बाळांनी ठरवलं म्हणे.
बाळं कुठली ठरवतात!
ती भुकेली असतात, नाहीतर ओली.
आवाज हवेत सोडून देतात कुणाच्याही नावाने नसलेला,
आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी हात पुसत येते,
म्हणते, मला हाक मारली.
तिथेच शब्द जन्मतो.
ऐकणारीच्या कानात.
(हे पिक्रियाने चिठ्ठीवर लिहिलं नाही. पुरावा काय देणार?)

आणखी एक अर्थ तिने टिपलाच नव्हता,
इतका तो घरातला.
तिथल्या आया लेकरालाच म्हणतात देदा.
जेव गं, देदा. टोपी घाल, देदा.
पडलास का रे, देदा?
हाक आईकडून निघते,
आईचंच नाव लेकराच्या अंगावर पांघरते,
थंडीत आपली शाल द्यावी तशी.

नाझिब्रोला, तिची आई,
डोंगराच्या कडेला चौथ्या मजल्यावर,
खिडकीत रोपवेच्या तारा.
झटका आला त्या मार्चमध्ये शब्द गेले:
आधी आडनावं, मग भाज्या,
मग खिडकी, मग पाणी.
पिक्रिया हे नाव कधी गेलं
ते दोघींपैकी कुणालाच नक्की सांगता येणार नाही.

एका सकाळी मक्याची पेज भरवताना
म्हातारीने चमचा अडवला.
डोळे वर केले.
देदा, म्हणाली.

पिक्रियाचा हात हवेतच.
कुठली ही देदा?
मोठी झालीस गं म्हणणारी,
की अंधारात पाळण्यातून कुणाला तरी बोलावणारी?
एकोणीस वर्षं अर्थ वेगळे करून क्रमांक देणारी ती,
एक, दोन, दोन-अ,
तिला इथे आकडा घालता येईना.
आईच्या चेहऱ्यावर काही खूण सापडते का पाहिलं.
हनुवटीवर पेज होती.
तेवढीच.

हो, देदा, ती म्हणाली.
कुणी कुणाला म्हटलं, ते राहू दे.

पेज गार झाली होती, पुन्हा गरम केली.
नंतर कट्ट्यावरची बरणी आठवली,
तीन दिवस कुणी पाहिलं नव्हतं.
झाकण काढलं. आंबट वास, वर करडं पाणी,
खाली एक बुडबुडा हळू फुटला.
तिने मूठभर पीठ घातलं,
कोमट पाणी,
आणि फडकं बांधताना
आतल्या खोलीतून पुन्हा हाक आली,
तशी हात पुसत गेली.